मागून घेतलेलं नागरिकत्व



गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत आमच्या वॉर्डाची जागा महिलांसाठी राखीव झाली. गटाच्या बैठकीत सगळ्यांनी एकमुखानं एक नाव काढलं. ही आमच्यातलीच एक सून. हिशेबाला पक्की, बोलायला धीट, बँकेत गेली की साहेबही उठून खुर्ची देतो. नाव मी सांगत नाही. तिचं माहेर नेपाळचं. वडील महाबळेश्वरात हॉटेलवर राखणीला होते, तिथंच आमच्या गावच्या पोराशी ओळख झाली आणि रीतसर लग्न झालं. आता तिची पोरं आपल्या झेडपीच्या शाळेत जातात.

अर्ज भरायला गेल्यावर कळलं की मतदारयादीत तिचं नावच नाही. आधार आहे, बँकेत खातं आहे, गटाच्या वहीत सही आहे, पण ती भारताची नागरिक नाही. तालुक्याच्या गावी एकानं लगेच सांगितलं, "काय नाय, थोडे पैसे द्या, नाव चढवून देतो." ती म्हणाली, "खोटं करून नको ताई. कायद्यानं मिळतं का ते बघा."

आम्ही बघायला बसलो आणि त्या एका प्रश्नापायी मी पाऊणशे-शंभर वर्षं मागं गेले. आजचं बोलणं त्यावरच आहे.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. तुम्ही-मी नागरिक आहोत, पण आपण कधी त्यासाठी अर्ज केला? नाही. आपल्या आज्या-पणज्यांनीही केला नाही. त्यांच्यावरचं राज्य बदलत गेलं आणि त्या कुणाच्या ना कुणाच्या प्रजा होत गेल्या. १८४८ साली साताऱ्याची गादी इंग्रजांनी खालसा केली आणि आपल्या खापरपणज्या छत्रपतींच्या प्रजेतून कंपनी सरकारच्या प्रजेत गेल्या. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

आणि सगळाच मुलूख इंग्रजांकडे होता असंही नाही. आज आपण सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे म्हणतो, पण १९४८ पूर्वीचा नकाशा म्हणजे गोधडी होती. सांगली संस्थान पटवर्धनांचं, मिरजेची दोन संस्थानं, जत डफळ्यांचं, फलटण निंबाळकरांचं आणि औंध पंतप्रतिनिधींचं. औंधाचे तुकडे तर कुठल्या कुठं होते. आटपाडी औंधाची, कुंडल औंधाचं, किर्लोस्करवाडीही औंधातच. (याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली 'स्त्री' मासिक निघायला लागलं, हे जाता जाता सांगते.) वाळवा, तासगाव, खानापूर मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. समजा तासगावची लेक कुंडलला दिली, तर बैलगाडीत बसताना ती इंग्रजांच्या मुलखात आणि उतरताना पंतप्रतिनिधींच्या. राजा वेगळा, कचेरी वेगळी, कोर्ट वेगळं. संस्थानातला एखादा परदेशी निघाला तर त्याच्या पासपोर्टवर 'ब्रिटिश प्रजाजन' असं लिहीत नसत, 'ब्रिटिश संरक्षित' असं लिहीत. म्हणजे आपलाही नाही आणि परकाही नाही.

८ मार्च १९४८ ला ही दख्खनची संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. १ ऑगस्ट १९४९ ला सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि या संस्थानांचे तुकडे जोडून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. त्याचंच नाव १९६० मध्ये सांगली झालं. मधल्या काळात राज्यघटना लिहिली जात होती. कोण नागरिक आणि कोण नाही, हे ठरवणाऱ्या कलमानं मसुदा समितीची जितकी डोकेदुखी केली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या कलमानं केली असेल, अशा अर्थाचं बाबासाहेब आंबेडकर ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत बोलले होते. नागरिकत्वाची ही कलमं इतकी निकडीची होती की बाकीच्या घटनेची वाट न पाहता २६ नोव्हेंबर १९४९ लाच ती लागू झाली.

नियम साधा होता. माणसाचं कायमचं घर भारतात असावं आणि तीनपैकी एक गोष्ट असावी. तो इथं जन्मलेला असावा, किंवा त्याचे आई-वडील यांच्यापैकी कुणीही एक इथं जन्मलेलं असावं, किंवा तो आधीची पाच वर्षं इथं राहत असावा. 'आई-वडील यांच्यापैकी कुणीही एक' हे शब्द ध्यानात ठेवा. त्याकडं मी परत येणार आहे.

असे आपण सगळे न मागता नागरिक झालो. पण त्याच वेळी मागावं लागणारे लोकही आपल्या शेजारी होते. आपल्याकडं लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात ना, कोल्हापूरजवळ? त्या गांधीनगरची गोष्ट बघा. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून देशोधडीला लागलेले सुमारे पाच हजार लोक, त्यांत बायका-पोरंच जास्त, १९४३ ते १९४८ या काळात तिथं वळिवडे छावणीत राहिले. त्यांच्यातली काही पोलिश मुलं शाळेसाठी आणि छातीच्या आजारावर उपचारासाठी आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीला होती. युद्ध संपलं, पण त्यांच्या देशातलं राज्य पालटलं होतं. बहुतेक जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असे पांगले. एखाददुसऱ्या मुलीनं इथल्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली. छावणी रिकामी झाली आणि तिथं फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं आली. त्यांच्यासाठी घटनेत वेगळं कलम होतं. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेला असेल तर इथं राहत असणं पुरेसं. नंतर आलेला असेल तर सहा महिने राहून, अधिकाऱ्यापुढं अर्ज करून नाव नोंदवायचं. ज्या दुकानदाराकडून आपण शालू घेतो, त्याच्या आजोबा-आजीनं कदाचित असा कागद भरलेला असेल.

आता बायकांचं बघू. इंग्रजांच्या साम्राज्याचा १९१४ चा कायदा होता. त्यात लिहिलं होतं की ब्रिटिश प्रजाजनाची बायको ती ब्रिटिश आणि परक्याची बायको ती परकी. म्हणजे इंग्लंडात जन्मलेल्या मुलीनं फ्रेंच माणसाशी लग्न केलं की ती आपल्याच देशात परकी. तिचं काय मत, याला कॉलमच नाही. त्याच कायद्यात 'असमर्थ' माणसं कोण, याची यादी होती. अज्ञान मूल, वेडा, मतिमंद आणि विवाहित स्त्री. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. पुढं १९३३ मध्ये हा फास थोडा सैल झाला, पण बाईचा देश नवऱ्याच्या खिशात, ही समजूत तशीच राहिली.

ही समजूत एकट्या इंग्रजांची नव्हती. अमेरिकेतही बाई परक्याशी लग्न करून आपलं नागरिकत्व गमावत असे. १९२२ मध्ये तिथं सुधारणा झाली, पण एक मेख ठेवली. ज्या परक्याला अमेरिकेचा नागरिक होताच येत नाही, अशाशी लग्न केलं तर तिचं नागरिकत्व गेलंच. आणि असे कोण? १९२३ मध्ये भगतसिंग थिंड नावाच्या पंजाबी माणसाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदुस्थानी माणूस 'गोरा' नाही, त्यामुळं त्याला नागरिक होता येणार नाही. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. वैष्णोदास बगाई नावाचे व्यापारी होते. त्यांचं नागरिकत्व गेलं, आणि परक्याला मालमत्ता ठेवता येत नाही म्हणून घर-दुकान सोडावं लागलं. १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. मागं राहिल्या कला बगाई आणि तीन मुलगे. त्याआधी बर्कली या गावात त्यांनी घर घेतलं होतं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना घरात पाऊलही टाकू दिलं नव्हतं. कलाबाईंनी मुलं वाढवली. १९४६ मध्ये कायदा बदलला आणि पुढं त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या. आज बर्कलीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

त्या काळी हिंदुस्थानात परक्याला नागरिक करून घेण्याचा १९२६ चा कायदा होता. त्यात एक ठसकेदार अट होती. जो देश हिंदुस्थानी माणसाला नागरिक करून घेत नाही, त्या देशाच्या माणसाला इथंही दार बंद. गुलाम देशाच्या कायद्यात एवढा तरी बाणा होता. ही अट स्वतंत्र भारताच्या कायद्यातही राहिली आणि आजही आहे.

बर्कलीचं नाव मी उगाच घेतलेलं नाही. त्याच गावातल्या विद्यापीठात १९७३ मध्ये एका अमेरिकन बाईनं महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीवर पीएच.डी. केली. तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी त्यांना पाहिलंय, काही जणींनी त्यांच्याबरोबर मोर्च्यात भाकरी खाल्लीय. डॉ. गेल ऑम्व्हेट.

गेलताई १९४१ मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात जन्मल्या. १९६०च्या दशकात एकदा त्या भारतात येऊन गेल्या, नंतर संशोधनासाठी आल्या. सत्यशोधकांची जुनी कागदपत्रं वाचायची तर मराठी यायला हवं, म्हणून त्या मराठी शिकल्या. १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी लग्न केलं आणि १९७८ पासून कासेगाव, तालुका वाळवा, हे त्यांचं घर झालं. सासू इंदुताई पाटणकर, प्रतिसरकारच्या काळातल्या लढाऊ कार्यकर्त्या. सुनेला शलाका हे नावही मिळालं. आणि १९८३ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या.

आता त्या काळचा कायदा बघा, म्हणजे १९५५ चा नागरिकत्व कायदा. परदेशी माणसाला यात मुख्य दोन वाटा होत्या आणि आजही आहेत. एक वाट 'नोंदणी'ची. ही नात्यानं जोडलेल्यांसाठी, जशी भारतीयाची बायको. दुसरी 'देशीयकरणा'ची. शब्द जड आहे, पण अर्थ सोपा आहे. नातं असो वा नसो, राहून राहून या देशाचं होणं. देशीयकरणाला अटी जास्त. अर्जाच्या आधीचं सलग एक वर्ष इथं काढलेलं हवं, आणि त्याआधीच्या सात वर्षांत मिळून चार वर्षं. चारित्र्य चांगलं हवं. पुढंही इथंच राहायचा इरादा हवा. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व सोडायचं, कारण आपला कायदा दोन देशांचं नागरिकत्व मानत नाही. आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टातली एखादी भाषा पुरेशी यायला हवी. मराठी त्या परिशिष्टात पहिल्यापासून आहे. म्हणजे दिल्लीच्या कागदासाठी हिंदी-इंग्रजीच लागतं असं नाही. कासेगावच्या पारावर बोलतात ती भाषा चालते.

अट पुरी झाली की सरकारनं द्यायलाच पाहिजे, असं मात्र नाही. देशीयकरण हा हक्क नाही, सरकारनं समाधान झाल्यावर द्यायची गोष्ट आहे. शेवटी शपथ असते, घटनेशी निष्ठेची. विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य, जागतिक शांतता किंवा मानवी प्रगती यांत मोठी सेवा केलेल्याला सरकार अटींतून सूटही देऊ शकतं.

१९५५ च्या या कायद्यात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते, आणि ती कायद्यात जे लिहिलेलं नाही त्यात आहे. 'असमर्थ' माणसांच्या यादीतून विवाहित स्त्री गेली. लग्न झालं म्हणून बाईचं नागरिकत्व आपोआप येत नाही आणि आपोआप जातही नाही. भारतीय मुलीनं परदेशी माणसाशी लग्न केलं तरी ती भारतीयच. परदेशी बाईनं भारतीयाशी लग्न केलं तर तिनं स्वतः अर्ज करायचा, स्वतः सही करायची, स्वतः शपथ घ्यायची. नवऱ्यानं तिच्या वतीनं उरकायचं हे काम नाही.

पण पुरतं शहाणपण एकदम आलं नाही. नोंदणीच्या वाटेवर कायद्यात शब्द होता 'स्त्रिया', म्हणजे भारतीयांच्या बायका. आपल्या मुलीनं परदेशी नवरा केला तर त्या जावयाला ही जवळची वाट नव्हती. घरात सून येते, जावई येत नाही, हा आपला जुना हिशेब कायद्यातही उतरला होता. १९८६ मध्ये 'स्त्रिया' जाऊन तिथं 'व्यक्ती' आलं. दुसरी गोष्ट त्याहून बोचणारी. घटनेनं 'आई-वडील यांच्यापैकी कुणीही एक' म्हटलं होतं, लक्षात आहे ना? १९५५ च्या कायद्यानं परदेशात जन्मलेल्या मुलासाठी फक्त 'वडील' म्हटलं. एखादी मराठी बाई परदेशात नांदायला गेली आणि नवरा भारतीय नसला, तर तिच्या मुलाला आईच्या नात्यानं वंशाचं नागरिकत्व नाही. नऊ महिने पोटात वाढवलं तरी नाही. ही चूक १९९२ साली दुरुस्त झाली. सदतीस वर्षं लागली.

नावाची गोष्ट निघाली म्हणून सांगते. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या याद्या बनत होत्या. पुष्कळ बायकांनी आपलं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. पहिले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले की नाव पाहिजे. शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नावं याद्यांतून वगळली गेली. मुख्यतः त्या उत्तरेकडच्या होत्या, पण उखाण्यात अडखळणारी आपलीही पिढी फार जुनी नाही. देश स्वतंत्र झाला, मताचा हक्क मिळाला आणि तो वापरायला स्वतःचं नाव लागतं, हे तेव्हा कळलं. सेन यांचं बरोबर की चूक, यावर आमच्या गटात बराच वाद झाला. एक म्हातारी म्हणाली, "एकदा सक्ती केली नसती तर आजून कुणाचीतरी कारभारीण म्हणूनच मरावं लागलं असतं." मला तिचं पटतं. पण त्या २८ लाख जणींचं ते मत गेलं ते गेलंच.

कासेगावात गेलताईंनी आणि इंदुताईंनी काम कुठलं केलं, तेही याला धरूनच आहे. स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीत सांगली जिल्ह्यातल्या परित्यक्तांचा, म्हणजे नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचा प्रश्न उभा राहिला. त्या बाईची पंचाईत काय होती? माहेरच्या रेशनकार्डावर तिचं नाव नाही आणि सासरच्या कार्डावरून काढलेलं. मग ती राहते कुठं आणि आहे कोण? स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, कसायला जमीन, अशा मागण्या त्यातून आल्या. ती बाई भारताची नागरिक होती, जन्मानं. पण कचेरीत तिला विचारलं जाई, "नवरा कुठाय?" आणि तिच्यासाठी भांडणाऱ्यांत एक बाई अशी होती की जिनं हे नागरिकत्व अर्ज करून मिळवलं होतं.

गेलताईंना काही जण शेवटपर्यंत 'अमेरिकन बाई' म्हणत राहिले. कौतुकानं म्हणत, कधी टोमण्यानंही. दुष्काळ, समान पाणीवाटप, धरणग्रस्त, फुले-आंबेडकरांचा विचार, यावर त्या इथल्याच भाषेत बोलल्या आणि त्यांनी ग्रंथ लिहिले. २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावात त्यांचं निधन झालं आणि कासेगावच्या मातीतच त्यांचा शेवट झाला. कायद्यात एक अट आहे ना, पुढंही इथंच राहण्याचा इरादा असावा अशी? ती त्यांनी अशी पाळली.

त्यांच्या आधीही एक परका आपल्या भागात मन लावून राबून गेला. मॉरिस फ्रीडमन, पोलंडचे इंजिनिअर. औंधच्या राजानं १९३९ मध्ये सत्ता लोकांकडे दिली, त्या घटनेच्या कामात त्यांचा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगामागची कल्पनाही त्यांचीच. 'दो आँखें बारह हाथ' सिनेमा त्याच तुरुंगावरून सुचलेला.

१९८३ नंतर दार जरा जड झालं. आसामातल्या आंदोलनानंतर १९८६ मध्ये देशीयकरणाची मुदत वाढली, बारा वर्षांत नऊ. २००३ च्या दुरुस्तीनं ती चौदा वर्षांत अकरा केली. शिवाय आधीचं सलग एक वर्ष आहेच. 'बेकायदा स्थलांतरित' माणसाला तर दोन्ही वाटा बंद झाल्या. २०१९ मध्ये पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांसाठी अकराची पाच वर्षं केली. छळ सोसून आलेल्यांना आधार मिळाला, असं काहींचं म्हणणं. नागरिकत्वाला धर्म लावला आणि मुसलमानांना वगळलं, असं इतरांचं. मला स्वतःला माणसाचा धर्म विचारून उघडणारं दार बरं वाटत नाही. पण ज्याला त्यातून कागद मिळाला त्याचा आनंदही मी समजू शकते.

बरं, आमच्या सुनेचं काय? नेपाळची गोष्ट वेगळी आहे. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० चा करार आहे. त्यामुळं नेपाळी माणूस इथं राहू शकतो, काम करू शकतो. आपली खानापूर-आटपाडीची गलाईवाली मंडळी सोनं-चांदी गाळायला देशभर जातात, तशीच ही माणसं पोटासाठी येतात. पण राहणं वेगळं आणि नागरिक असणं वेगळं. मत नाही, निवडणूक नाही. भारतीयाशी लग्न झालेलं असेल तर नोंदणीची वाट आहे. अट अशी की अर्जाआधी सात वर्षं इथं राहिलेलं असावं. तिची नऊ झाली होती.

अर्ज ऑनलाइन भरायचा, पण कागद जातो जिल्हाधिकारी कार्यालयातून. लग्नाचा दाखला, नवऱ्याच्या नागरिकत्वाचा पुरावा, नेपाळचे कागद, इथं राहत असल्याचे पुरावे. मग पोलिसांची चौकशी, मग अहवाल राज्य सरकारकडे, तिथून दिल्लीला गृह मंत्रालयात. वेळ लागतो. कुणी 'आठ दिवसांत आणून देतो' म्हणालं तर त्याच्या नादी लागू नका. आणि आधारकार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. ते इथं राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळतं. नागरिक नसताना मतदारयादीत खोटं नाव घालणं हा गुन्हा आहे, आणि तसं केलं तर पुढचा खरा अर्जही अडतो. आपल्यातल्यांनीही एक करा. नातवंडांचा जन्म झाला की जन्मनोंदणी करून दाखला घ्या. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांना इथं जन्मणं एवढंच पुरत नाही, आई-वडिलांच्या नागरिकत्वाचाही विचार होतो. दाखल्यावर आईचं नाव नीट, तिच्या कागदांवर आहे तसंच लिहून घ्या.

एक गंमत. लग्नाच्या नोंदणीला भाषेची अट नाही, ती फक्त देशीयकरणाला आहे. हे कळल्यावर सूनबाई हिरमुसली. म्हणाली, "मग एवढं शिकलेलं वाया गेलं की." ती जात्यावरची गाणी म्हणते तशी आमच्यात कुणालाच येत नाहीत.

गेल्या पंधरवड्यात पोलीस चौकशीला येऊन गेले. हवालदार दारात उभा राहून विचारत होता, ही इथं किती वर्षं राहते, सलग राहते का, कुठं बाहेर जाऊन आली का. सासूबाई शेण सारवत होत्या. हात तसाच ठेवून त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नऊ दिवाळ्या झाल्या बाबा. माहेराला दोनदा गेली, दोन्ही वेळंला पंधरा दिवसांत माघारी. लिवून घे." त्यानं लिहून घेतलं. मग त्यांना विचारलं, "तुमचं नाव काय आजी?" त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि त्याखाली अंगठा नाही, सही केली.